गाळलेल्या पाण्यात काय उरते?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेचा इतिहास, पूर्वसुरींचे स्मरण आणि दात्यांचे ऋण हे विषय यावयाचेच. त्यांना न्याय देणारे अधिकारी वक्ते या मालेत आहेत. मला विषयाची मोकळीक मिळाली, तेव्हा मी पाणी निवडले. त्यातही क्षेपणभूमीच्या, म्हणजे ज्याला आपण सर्रास डम्पिंग ग्राउंड म्हणतो तिच्या, आसपासचे पाणी. विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. परंतु पाणी गाळून पिणे ही ज्या समाजाची ओळख आहे, त्या समाजाने हा विषय इतरांवर सोपवून मोकळे व्हावे, हे मला पटत नाही.

आपली ही भूमी जैन परंपरेला नवी नाही. आगाशीचे श्री मुनिसुव्रतस्वामींचे तीर्थ आपणा सर्वांच्या यात्रेचे. सोपाऱ्याचे नाव तर त्याहून कितीतरी जुने. पट्टावलींतील परंपरा सांगते की, बारा वर्षांच्या भीषण दुष्काळाच्या अखेरीस आर्य वज्रसेनसूरी सोपारक नगरी आले. तेथील श्रावक जिनदत्ताच्या घरी ईश्वरी श्राविकेने एक लक्ष मुद्रा मोजून आणलेले धान्य शिजविले होते. पुढे काहीच मिळण्याची आशा नाही, तेव्हा या अखेरच्या अन्नात विष कालवून सर्व कुटुंबाने देह ठेवावा, असा तिचा विचार होता. नेमके त्या क्षणी सूरी गोचरीस आले, त्यांनी चौकशी केली आणि उद्या सुभिक्ष होईल असे सांगून तिला थांबविले. पुढे त्या घरातील नागेंद्र, चंद्र, निवृत्ती व विद्याधर या चार पुत्रांनी दीक्षा घेतली व त्यांच्या नावांनी चार कुले चालली. ही कथा आपण श्रद्धेने ऐकतो. मला तिच्यातील एक लहान गोष्ट फार मोलाची वाटते: ताटात काय आहे, हे कोणीतरी वेळेवर विचारले.

आजच्या सोपाऱ्यात, वसईत, विरारात ते विचारण्याची वेळ आली आहे. या प्रदेशाची ठेवण पाहा. उत्तरेस वैतरणेची खाडी, दक्षिणेस उल्हास नदीचे पाणी घेऊन येणारी वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर. डोंगरावर पडलेला पाऊस आपल्या वस्त्यांच्या अंगाखालून, नाल्यांतून, मिठागरे आणि खाजणे ओलांडीत या दोन खाड्यांना मिळतो. मध्ये विहिरी, बावखले आणि आता असंख्य कूपनलिका. २००९ साली चार नगरपरिषदा व भोवतालची गावे एकत्र होऊन महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. तिला किती भर पडली असेल, हे सकाळची लोकल पकडणाऱ्यांना सांगावयास नको. या सर्वांचा कचरा वर्षानुवर्षे गोखिवऱ्याच्या भोयदापाडा येथे येत राहिला आणि त्याचा डोंगर झाला. त्या डोंगरास लागणाऱ्या आगींच्या व धुराच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. शहराच्या कचऱ्याचा आणि सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढेही गेला. धूर दिसतो, नाकात जातो, म्हणून त्याची तक्रार होते. पाण्याचे तसे नाही. ते मुकाट्याने झिरपते.

झिरपते म्हणजे काय? ओल्या-सुक्या मिश्र कचऱ्यावर पाऊस पडला की त्यातून काळसर, उग्र वासाचा रस खाली उतरतो. अभियंते त्याला लिचेट म्हणतात. कुजलेल्या अन्नातील सेंद्रिय द्रव्य, अमोनिया, क्षार, आणि बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे यांतून सुटलेले शिसे, कॅडमियमसारखे जड धातू त्यात येतात. परिमाणाची कल्पना यावी म्हणून साधे गणित करू. आपल्याकडे एका पावसाळ्यात २,००० मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. एक हेक्टर कचऱ्यावर २,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे २ कोटी लिटर पाणी, अर्थात दहा हजार लिटरचे २,००० टँकर. त्यातील निम्मे वाहून वा वाफ होऊन गेले असे धरले, तरी हेक्टरमागे १,००० टँकर पाणी कचऱ्याच्या पोटातून जाते. शास्त्रशुद्ध क्षेपणभूमीच्या तळाशी दाबलेली चिकणमाती व तिच्यावर जाड प्लास्टिकचा अभेद्य थर घालतात आणि हा रस नळ्यांनी गोळा करून त्यावर प्रक्रिया करतात. जेथे कचरा नुसता ओतला गेला, तेथे तळ म्हणजे फक्त जमीन.

हे केवळ पुस्तकी भय नव्हे. पुण्याजवळच्या उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांत कचरा डेपोमुळे विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही. गावकऱ्यांनी आंदोलने केली आणि त्यांना टँकरच्या पाण्यावर राहावे लागले. कल्याणच्या आधारवाडीचा डेपो तर उल्हासच्या खाडीकाठीच उभा राहिला होता; तो २०२१ साली बंद झाला. उल्हासचे पाणी पुढे आपल्याच खाडीत येते, तेव्हा कल्याणचा कचरा कल्याणकरांचा, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रात होते आणि त्यांत उल्हास होती.

आता आपल्या घरच्या पाण्याकडे येतो. जलगालनाचा आपला आचार किती दूरदर्शी आहे, याचा एक पुरावा आधुनिक संशोधनात सापडतो. बांगलादेशातील खेड्यांत शास्त्रज्ञांनी स्त्रियांना जुनी साडी अनेक पदरी दुमडून तिच्यातून पाणी गाळण्यास शिकविले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. पटकीचे जंतू अतिसूक्ष्म, कापडातून सहज जाणारे. पण ते पाण्यातील बारीक कवचधारी जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडावर अडकतात. येथे जाता जाता एक सांगतो. पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० जीव असतात, हा आकडा आपल्या पाठशाळेच्या पुस्तकांतून व स्मरणिकांतून वारंवार छापला जातो. थेंबागणिक ही संख्या बदलते. एखाद्या थेंबात शून्य, एखाद्यात लाखो. अहिंसेच्या आचाराला अशा ठरीव आकड्याच्या आधाराची गरज नाही, आणि विज्ञानाला तो मान्य होणार नाही.

मात्र कापडाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पाण्यात विरघळलेला नायट्रेट, विरघळलेले शिसे हे कोणत्याही वस्त्राने अडत नाही. पाणी उकळण्याबाबत तर अधिकच सावध राहावे लागेल आणि आज मी ज्यासाठी आलो तो मुद्दा हाच आहे. उकळल्याने जंतू मरतात, काही प्रमाणात जडपणा कमी होतो. पण क्षार, नायट्रेट व धातू यांची वाफ होत नाही. पाणी आटते, ते आटत नाहीत. समजा, एखाद्या कूपनलिकेच्या पाण्यात लिटरमागे ४२ मिलिग्रॅम नायट्रेट आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार मर्यादा ४५, म्हणजे हे पाणी उत्तीर्ण. दहा लिटर उकळून नऊ लिटर उरले की तेच प्रमाण ४६ च्या पुढे जाते, म्हणजे अनुत्तीर्ण. उपाश्रयात सकाळी मोठ्या पातेल्यात पाणी उकळते, पराती-पातेल्यांत निवते, मग साधू-साध्वींना वहोरावले जाते. पर्युषणात अठ्ठाई करणारा तपस्वी आठ दिवस या उकळलेल्या पाण्याखेरीज काहीही घेत नाही. मासक्षमण करणारा तीस दिवस घेत नाही. ज्यांच्या पोटात अन्नाचा कण नाही, त्यांना आपण कोणत्या उगमाचे पाणी देतो? सूर्या प्रकल्पाचे, पेल्हार-उसगाव धरणांचे नळाचे पाणी असेल तर ते शुद्धीकरण होऊन येते. नळ आला नाही की टँकर येतो. टँकर कोणत्या विहिरीवर भरला, हे चालकाला किती वेळा विचारले जाते, याचा प्रत्येकाने विचार करावा.

यावर कोणी म्हणेल, शुद्धीकरणाचे यंत्र बसवू. आरओ यंत्र विरघळलेले क्षार काढते हे खरे. पण जितके पाणी देते त्याहून पुष्कळदा अधिक गटारात सोडते. ज्या आचारात पाणी तुपासारखे वापरावे असे शिकवितात, त्याच्याशी हे कितपत जुळते ते पाहावे लागेल. आणि यंत्र घ्यावयाचे की नाही, हे ठरविण्यापूर्वी पाण्यात काय आहे ते कळले पाहिजे. आपल्याकडे वस्त्र, पात्र, उपकरण वापरण्यापूर्वी प्रतिलेखना करतात, नीट पाहतात. जे डोळ्यांना दिसत नाही, त्याची प्रतिलेखना प्रयोगशाळेत होते.

ती कशी करावी, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण नमुना चुकीचा घेतला तर उत्तम प्रयोगशाळाही निरुपयोगी ठरते.

नाल्याच्या किंवा नदीच्या पाण्याचे तीन नमुने हवेत: क्षेपणभूमीच्या वरच्या अंगाचा, तिचे पाणी जेथे मिसळते तेथला आणि खालच्या अंगाचा. वरचा नमुना घेतला नाही, तर दोष कोणाचा हे कधीच कळणार नाही. गोखिवरे, वालीव, सातिवली परिसरात शेकडो औद्योगिक गाळे आहेत, तबेले आहेत, दाट वस्तीतल्या शौचटाक्या आहेत. सगळेच खापर कचऱ्यावर फोडणे सोपे, पण असत्य होईल. आणि त्या गाळ्यांपैकी काही आपल्याच बांधवांचे आहेत, हेही येथे बोलावे लागेल. पंधरा कर्मादानांची यादी पाठ असणाऱ्यांनी आपल्या गाळ्यामागच्या गटारात काय सुटते, ते एकदा जाऊन पाहावे.

आपल्याकडची दुसरी अडचण भरतीची. खाडीलगत समुद्राचे पाणी आत येते. त्यामुळे क्षार व क्लोराइड वाढलेले दिसले तर ते कचऱ्याचे की समुद्राचे, हे सांगता येत नाही. म्हणून नमुना ओहोटीच्या अखेरीस घ्यावा आणि केवळ क्षारांवर न थांबता अमोनिया व सीओडी तपासावी. ही दोन्ही वरच्या नमुन्यात कमी व खालच्या नमुन्यात एकदम अधिक निघाली, तर कचऱ्याच्या रसाचा संशय बळावतो. बीओडी म्हणजे पाण्यातील घाण कुजविताना जंतूंना लागणारा प्राणवायू; इतर देशांत ही चाचणी २० अंशांवर पाच दिवस करतात, आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस. स्नानयोग्य नदीत ती लिटरमागे ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी आणि विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमहून कमी नसावा. प्राणवायूची मोजणी जागीच करावी लागते. बाटली घरी आणून दुसऱ्या दिवशी दिली तर ती व्यर्थ.

विहीर व कूपनलिका यांसाठी सामू, एकूण विरघळलेले क्षार, कठीणपणा, क्लोराइड, अमोनिया, नायट्रेट, शिसे, कॅडमियम आणि जंतू, एवढे पुरे. कूपनलिकेचा पंप काही मिनिटे चालवून मग बाटली भरावी. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी, बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. बाटलीवर जागा, तारीख, वेळ, भरती की ओहोटी, आदल्या दिवशी पाऊस होता का, हे लिहावे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, मान्यताप्राप्त खाजगी प्रयोगशाळाही आहेत. अहवाल हाती आला की एक गोष्ट अवश्य पाहावी. शिशापुढे 'आढळले नाही' असे लिहिलेले असते. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेचे उपकरण ०.०५ पेक्षा कमी मोजूच शकत नसेल, तर त्या 'आढळले नाही'ला काही अर्थ नाही. उपकरण किती सूक्ष्म मोजते, हे आधीच विचारावे.

कायद्याचे थोडे. २००० सालच्या व पुढे २०१६ सालच्या नियमांनी क्षेपणभूमीच्या सीमेपासून ५० मीटरच्या आतील भूजलाची उन्हाळा, पावसाळा व पावसाळ्यानंतर अशी ऋतूवार तपासणी सांगितली. २०१६ च्या नियमांत क्षेपणभूमी नदीपासून १०० मीटर व तलावापासून २०० मीटर दूर असावी, अशीही अट होती. आपण घेतलेला नमुना न्यायालयात पुरावा ठरत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याप्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुनाच ग्राह्य धरतात. असे असूनही आपल्या अहवालाला मोल आहे. आकडे घेऊन जाणाऱ्या संस्थेला अधिकाऱ्यांना सांगता येते की, अमुक ठिकाणी, अमुक चाचणीत असे निघाले, आता आपण नमुना घ्यावा. आणि आपल्या ऋतूवार तपासणीचे अहवाल दाखवावेत. नुसत्या दुर्गंधीच्या तक्रारीला असे उत्तरदायित्व चिकटविता येत नाही.

पाणी गाळल्यानंतरची जिवाणी आपण कोठे सोडतो? ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत, भांडे पाण्याच्या पातळीपर्यंत दोरीने हळुवार सोडून. अन्य पाण्यात टाकले तर ते जीव मरतील, म्हणून. एवढा सूक्ष्म विचार करणाऱ्या आचारात आणखी एक नियम आहे, ज्याची चर्चा क्वचित होते. पाच समित्यांतील पाचवी, पारिष्ठापनिका समिती, म्हणजे टाकाऊ वस्तू कोठे व कशी टाकावी याचा विवेक. साधू-साध्वी तो प्राणपणाने पाळतात. श्रावकांनी तो साधूंचा आचार म्हणून बाजूला ठेवला. उष्ट्यात ४८ मिनिटांत संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात, म्हणून आपल्या आजी थाळी धुऊन ते पाणी पीत. आज साधर्मिक वात्सल्याच्या पंगतीनंतर उष्ट्यासकट हजारो थर्माकोलच्या, प्लास्टिकच्या थाळ्या व पेले काळ्या पिशव्यांतून निघतात. त्या भोयदाच्या दिशेने जातात आणि तेथे ४८ मिनिटे नव्हे, कैक वर्षे राहतात. जी विहीर विषारी झाली, तिच्यात जिवाणी परत सोडणे याला अभयदान म्हणावे काय, हा प्रश्न मी पूज्य साध्वीजींपुढे नम्रपणे ठेवतो; उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही.

विश्वस्त मंडळापुढे मात्र दोन ठोस सूचना ठेवतो. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून फलक, कमानी, सन्मानचिन्हे होतील. त्यांच्या खर्चातला लहानसा भाग पाण्याच्या तपासणीसाठी राखून ठेवावा. उपाश्रयाची कूपनलिका, टँकर भरला जातो ती विहीर, आणि क्षेपणभूमीकडून येणाऱ्या नाल्याचे तीन नमुने. नियमांनी सांगितलेले तीन ऋतू आपल्या पंचांगात आयतेच आहेत: अक्षय्य तृतीया, पर्युषण आणि कार्तिकी पौर्णिमा. पारण्याच्या आधी, तपस्येच्या आधी आणि चातुर्मास संपताना, असे वर्षातून तीनदा अहवाल सूचनाफलकावर लागावेत; चांगले निघाले तरी लागावेत, वाईट निघाले तरी लागावेत. मागील अहवालांची वही संस्थेच्या दप्तरात राहावी. एका वर्षाच्या आकड्यांनी फारसे काही सिद्ध होत नाही. दहा वर्षांची वही असेल तर तिला कोणी टाळू शकणार नाही.

दुसरी सूचना पंगतीची. या महोत्सवाच्या समारोपाचे वात्सल्य स्टीलच्या थाळ्यांत व्हावे आणि उरलेले ओले येथल्या येथे खतात जावे. थाळ्या धुण्यास माणसे लागतील, पाणीही लागेल. सोय महिला मंडळावर न लादता युवक मंडळाने करावी, असे मला वाटते.

कार्तिकी पौर्णिमा उधाणाची असते. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवशी भरती मध्यान्हाच्या सुमारास व ओहोटी सकाळी लवकर येते, म्हणजे भावयात्रेला जमण्यापूर्वी नाल्याचे नमुने घेऊन होतील. पाठशाळेच्या मोठ्या मुलांपैकी चौघा-पाचांनी आणि विज्ञान शिकविणाऱ्या एखाद्या शिक्षकांनी पुढे यावे. बाटल्या कशा भरायच्या हे दाखविण्यास मी येईन. नावे आज कार्यालयात द्यावीत. जय जिनेंद्र.